वैद्यकी की समाजकार्य? सुरतेच्या वाटेवरील एक जुना निर्णय

वैद्यकीचा अभ्यास करावा की समाजकार्याचा, हा प्रश्न आपल्या समाजातील पुष्कळ घरांत आज विचारला जातो. विचारणारी बहुधा मुलगी असते. उत्तर देणारे तिचे आजोबा, मामा, अथवा देवस्थानच्या विद्यार्थी-साहाय्य निधीचे एखादे विश्वस्त असतात. उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते : गुण पुरेसे पडले तर वैद्यकी, न पडले तर समाजकार्य. या उत्तरात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. ती अशी की, या दोन वाटा एकाच शिडीच्या वरच्या आणि खालच्या पायऱ्या आहेत आणि जिला वर चढता येत नाही तिने खाली थांबावे.

वकिलाच्या व्यवसायाने एक सवय अंगी जडते. कोणतेही मत प्रमाण मानण्यापूर्वी तशाच प्रश्नावर पूर्वी काय निवाडे झाले आहेत, ते पाहावे लागते. प्रस्तुत प्रश्नावरही पूर्वीचे निवाडे आहेत. ते न्यायासनावरून दिलेले नाहीत. काही माणसांनी आपले आयुष्य पणास लावून ते दिले आहेत. त्यांतील एक महत्त्वाचा निवाडा सुरत शहरात वीस वर्षांहून अधिक काळ रोज नव्याने दिला जात होता.

मुंबईहून निघालेली गाडी नवसारी सोडून सुरतेकडे येऊ लागली की मरोलीनंतर सचिन लागते. आज कापडाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांमुळे हे नाव ठाऊक असते. परंतु मराठी वाचकाशी या गावाचे नाते कारखान्यांपेक्षा पुष्कळ जुने आहे. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या एका सिद्दी वारसाला पेशव्यांशी झालेल्या तहान्वये १७९१ साली सुरतेजवळचा हा मुलूख मिळाला आणि सचिन संस्थान जन्मास आले. कोकणच्या किनाऱ्यावरचे राजकारण असे दक्षिण गुजरातेत येऊन स्थिरावले. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १ मे १९६० पर्यंत सुरत जिल्हा व आपण एकाच राज्यात नांदलो. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे आज उधना, लिंबायत आणि सचिन या पट्ट्यात वसलेली आहेत. तेव्हा सुरतेची गोष्ट ही परक्या गावची गोष्ट नव्हे.

मुंबई-सुरत लोहमार्ग १८६४ साली पुरा झाला. त्याच वर्षी, २२ नोव्हेंबरला, मुंबईत एका सुतार कुटुंबात जी मुलगी जन्मली ती १८९५ साली डॉक्टर होऊन सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाली. तिचे नाव डॉ. रखमाबाई. ती त्या रुग्णालयापर्यंत कशी पोहोचली, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

ग्रँट मेडिकल कॉलेज मुंबईत १८४५ साली सुरू झाले आणि १८५१ साली त्याची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या तुकडीत पेडणे महालातील मांद्रे गावचे रामकृष्ण विठ्ठल लाड होते. लोक त्यांना डॉ. भाऊ दाजी म्हणूनच ओळखतात. गोमंतकातून आलेल्या या गृहस्थाने गरिबांना मोफत औषधोपचार केले, महारोगावरील उपायांचा ध्यास घेतला, मुलींच्या शिक्षणाचा कैवार घेतला, आणि प्राचीन शिलालेखांच्या वाचनात कीर्ती मिळविली. डॉक्टर होण्यापूर्वीच कच्छ-काठेवाडातील कन्यावधाच्या प्रथेवर निबंध लिहून त्यांनी पारितोषिक मिळविले होते. भाऊ दाजींना वैद्यकी आणि समाजकार्य यांत निवड करावी लागली, असे कोठे दिसत नाही. त्याचे कारण त्यांच्या असामान्य बुद्धीइतकेच त्या काळात आहे. शिकलेली माणसे मोजकी होती. ज्याला दिसत होते त्याच्यावरच सर्व कामे येऊन पडत. कार्याची विभागणी तेव्हा झालेलीच नव्हती.

ती विभागणी पुढच्या पिढीत झाली, आणि तीही स्त्रियांच्या आयुष्यात प्रथम स्पष्ट दिसली. १८८२ साली मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांनी इंग्लंडमधून स्त्री-डॉक्टर आणण्यासाठी निधी उभारण्याचा उद्योग आरंभिला. त्यातूनच पुढे डॉ. एडिथ पेची मुंबईस आल्या आणि कामा रुग्णालय उभे राहिले. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगापुढे साक्ष देताना या देशातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे, ते सांगितले. पुरुष वैद्यापुढे जाण्याचा संकोच एवढा मोठा होता की पुष्कळ स्त्रिया दुखणे अंगावर काढीत आणि त्यातच प्राणास मुकत.

१८८३ साली दोन महाराष्ट्रीय स्त्रिया समुद्रापार गेल्या. आनंदीबाई जोशी एप्रिल महिन्यात कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. दोघींचाही हेतू डॉक्टर होण्याचा होता. आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात अभ्यास पुरा केला आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली. रमाबाईंच्या कानांनी मात्र त्यांना साथ दिली नाही. बहिरेपण वाढत गेले आणि छातीचे ठोके ऐकण्याचा व्यवसाय त्यांना बंद झाला. त्या शिक्षणशास्त्राकडे वळल्या. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास त्या इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या होत्या. मैत्रिणीच्या हाती पडलेली जी पदवी आपल्याला मिळावयाची होती, ती पाहताना त्यांच्या मनात काय आले असेल, हे आपण सांगू शकत नाही. एवढे मात्र खरे की बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले.

रमाबाईंच्या धर्मांतरामुळे आणि शारदा सदनासंबंधी १८९३ साली झालेल्या वादामुळे आपल्या समाजाच्या मनात त्यांच्याविषयी एक अढी राहून गेली आहे. त्या वादाचा निर्णय करण्याचे हे स्थळ नव्हे. प्रस्तुत प्रश्नापुरती जी गोष्ट घ्यावयाची ती अशी : जिला वैद्यकीची वाट शरीराच्या उणिवेमुळे सोडावी लागली, तिच्या हातून घडलेले समाजकार्य दुय्यम ठरले नाही. शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विवाह केला. पुढे हिंगण्यास जी संस्था उभी राहिली तिच्या पायाशी हा धागा आहे. उलट जिला वैद्यकीची पदवी मिळाली त्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पदवीस एक वर्षही पुरे होण्याआधी, पुण्यात निवर्तल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक तशीच राहिली. कोणती वाट फळास येईल हे पदवीवरून ओळखता येत नाही, याचा यापेक्षा ठळक दाखला शोधून सापडणार नाही.

आता रखमाबाई. त्या लहान असतानाच वडील वारले. त्यांच्या ज्ञातीत विधवाविवाहाची चाल होती. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. डॉ. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते. अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. परंतु त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला.

कायद्याच्या विद्यार्थ्याला हा खटला आजही पाठ करावा लागतो. मुंबई मालेच्या नवव्या व दहाव्या खंडांत त्याचे निर्णय छापलेले आहेत. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिनी यांनी दावा फेटाळला. जे सहजीवन कधी सुरूच झाले नाही त्याची ‘पुनः’स्थापना कशी करावयाची, असा त्यांच्या निर्णयाचा रोख होता. अपिलात मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ साली हा निर्णय फिरवून खटला पुन्हा चौकशीस पाठविला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी पतीकडे जावे, नाही तर सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. ‘केसरी’ने त्यांच्याविरुद्ध लिहिले, सुधारकांनी त्यांच्यासाठी समिती उभारली, पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या खटल्याची हकीकत जगापुढे मांडली. अखेर १८८८ साली दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

या चार वर्षांत रखमाबाई केवळ प्रतिवादी राहिल्या नव्हत्या. १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर जी पत्रे आली ती त्यांचीच होती. बालपणीच्या विवाहाने आपले शिक्षण कसे हिरावून घेतले, याची वेदना त्यांत आहे. खटला मिटला तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या आतच होत्या, आणि हिंदुस्थानात व इंग्लंडात त्यांचे नाव ठाऊक झाले होते. लेखणी हाती होती; ऐकणारा वर्ग तयार होता; पाठीशी पुढारी होते. सामाजिक चळवळीत स्थान मिळवावयास याहून अधिक काय लागते? तरीही त्यांनी दुसरी वाट धरली. डॉ. एडिथ पेची यांच्या प्रोत्साहनाने आणि वर्गणीतून जमलेल्या पैशाच्या आधाराने त्या १८८९ साली लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात दाखल झाल्या, १८९४ साली एडिंबरा व ग्लासगो येथील वैद्यकीय संस्थांची संयुक्त पात्रता मिळवून उत्तीर्ण झाल्या, आणि परत येऊन सुरतेस गेल्या.

येथे एक प्रश्न उभा राहतो. रखमाबाईंनी वैद्यकी निवडली म्हणजे समाजकार्य सोडले काय? तसे म्हणणारा मनुष्य त्या काळच्या प्रसूतिगृहात काय येत असे, याचा विचार करीत नाही. ज्या बालविवाहावर त्यांनी पत्रे लिहिली, त्याचेच परिणाम बालमातांच्या देहांवर उमटून डॉक्टरपुढे येत. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला आणि दहा वर्षांची मर्यादा बारावर गेली. या कायद्याच्या पूर्वी, १८९० साली, हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला होता आणि त्यासोबत आपण स्वतः पाहिलेल्या दुखापतींची यादी जोडली होती. शास्त्रार्थाचा वाद वर्षानुवर्षे चालला असता; ती यादी पुरावा होती. न्यायालयात काम करणाऱ्याला मत आणि पुरावा यांतील अंतर चांगले कळते. डॉक्टरने स्वतःच्या हाताने तपासून लिहिलेली एक ओळ सुधारकाच्या दहा व्याख्यानांना बळ देते, आणि ती ओळ लिहिण्याचा अधिकार केवळ सहानुभूतीने मिळत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे अभ्यास करावा लागतो.

परंतु ती ओळ स्वतः कायदा करीत नाही, हेही तितकेच खरे. अर्ज कोणी तरी पोहोचवावा लागतो, सभा भरवाव्या लागतात, विरोधकाचे ऐकून घ्यावे लागते, आणि कायदा झाल्यावर तो घरोघर समजावून सांगावा लागतो. हे काम डॉक्टरच्या दिवसात बसत नाही. रखमाबाई सुरतेत रुग्ण तपासीत असताना त्याच शहरात १९०७ साली बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवांनी वनिता विश्राम ही संस्था सुरू केली. एका संस्थेत स्त्रीचा जीव वाचत होता. दुसऱ्या संस्थेत तो वाचलेला जीव पुढे कसा जगेल, याची तजवीज होत होती. सुरतेतील एखाद्या तरुण विधवेला या दोहोंपैकी एकच संस्था पुरेशी झाली असती, असे कोण म्हणेल?

दोन्ही कामांना जोडणारा पूल पुण्यात बांधला गेला. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली पुणे सेवासदनाची उभारणी केली, आणि ससून रुग्णालयाच्या साहाय्याने तेथील स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावावा लागणारे, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र काढावे लागणारे हे काम उच्चवर्णीय विधवेने करावे, ही कल्पनाच तेव्हा लोकांना असह्य होती. आज जिला आपण आदराने ‘सिस्टर’ म्हणतो तिच्या पांढऱ्या गणवेशामागे सेवासदनासारख्या संस्थांनी सोसलेला लोकापवाद आहे. परिचारिकेचे काम वैद्यकी म्हणावे की समाजकार्य? रमाबाई रानड्यांनी या शब्दांचा घोळ घातला नाही. एका विधवेला पोटापुरते स्वावलंबन आणि एका रुग्णाला शुश्रूषा, या दोन गरजा त्यांनी एकाच योजनेत भागविल्या.

साथीच्या रोगांत तर ही सीमारेषा पुसूनच जाते. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर हडपसरच्या माळावर दवाखाना थाटला. पुत्र डॉक्टर होता आणि औषध देत होता. आई रोग्यांना तेथवर आणीत होती. त्या सेवेतच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. त्याच पुण्यात त्याच वर्षी सरकारी प्लेगनिवारण सोजिरांच्या हाती दिले गेले होते. घरे तपासली जात, माणसे अलग केली जात. रोगशास्त्राच्या दृष्टीने त्यातील पुष्कळ उपाय निराधार नव्हते. परंतु लोकांच्या विश्वासाशिवाय केलेल्या त्या उपायांनी भीती आणि द्वेष वाढविला, आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. औषध तेच असते; ते कोणाच्या हातून आणि कोणत्या रीतीने घरात येते, यावर ते घेतले जाईल की नाही हे ठरते.

सुरतेनेही हा धडा आपल्या काळात घेतला. सप्टेंबर १९९४ मध्ये शहरात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. मृत्यूंची संख्या पन्नासच्या आसपास राहिली. परंतु लक्षावधी लोक शहर सोडून गेले, आणि पुष्कळ खाजगी डॉक्टरांनीही दवाखान्यांस कुलूप लावून त्यांचीच वाट धरली. ज्यांनी वैद्यकीची पदवी घेतली होती ते सर्व त्या आठवड्यात वैद्यकी करीत नव्हते, आणि जे शहरात थांबून काम करीत राहिले त्या सर्वांजवळ पदवी नव्हती. पुढे १९९५ पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी कचरा, गटारे आणि बेकायदा बांधकामे यांवर जी मोहीम चालविली तिने सुरतेची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. राव डॉक्टर नव्हते. तरीही त्या शहराचे आजार कमी करण्यात त्यांचा वाटा कोणत्याही डॉक्टरपेक्षा उणा नाही.

सचिनची एक अलीकडची घटना याच मालिकेत बसते. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे तेथील औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात बेकायदा रसायन सोडले जात असताना विषारी वायू पसरला. सहा कामगार गुदमरून मेले. वीसहून अधिक जणांना सुरतेच्या रुग्णालयात न्यावे लागले. डॉक्टरांनी जे शक्य ते केले. परंतु नाल्याच्या काठी माणसे झोपतात का, कामगारांच्या निवाऱ्याची व्यवस्था कोणाकडे आहे, टँकर कोठून येतात आणि रात्री कोठे रिकामे होतात, हे प्रश्न प्राणवायूच्या नळीने सुटत नाहीत. ते विचारण्यासाठी वस्तीत राहून माणसांची भाषा बोलणारा, कागदपत्र वाचणारा, अधिकाऱ्याच्या दारात चिकाटीने उभा राहणारा कोणी तरी लागतो. असा मनुष्य त्या सहा जणांच्या मरणापूर्वी तेथे असता, तर डॉक्टरला कदाचित बोलवावेच लागले नसते.

मग शहाण्या वडीलधाऱ्यांना वैद्यकीच वरची का वाटते? त्याला कारण आहे, आणि ते थोडेफार कायद्यातही आहे. डॉक्टरचे नाव वैधानिक नोंदवहीत असते. त्या नोंदीने त्याला अधिकार मिळतो, शुल्क मिळते, चुकल्यास जाब विचारणारी यंत्रणा मिळते, आणि म्हणून समाजात पतही मिळते. समाजकार्याला वैद्यकीसारखी स्वतंत्र वैधानिक परिषद आपल्या देशात नाही. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले. आज ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविकेची नेमणूक झाली. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक नावाचे पद आहे. गरिबाच्या औषधाचा खर्च कोणत्या धर्मादाय निधीतून भागेल, बेवारशी रुग्ण बरा झाल्यावर कोठे जाईल, टाकून दिलेल्या बाईच्या घरच्यांशी कोण बोलेल, ही सर्व कामे त्या खोलीत होतात. शास्त्र आहे, शिक्षण आहे, पद आहे. तरी प्रतिष्ठा मागे राहिली, कारण समाजाने सेवा हा गुण मानला आणि त्यासाठी शिकावे लागते हे मान्य करण्यास उशीर लावला.

सेवेसाठी शिकावे लागते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आमच्याच व्यवसायातले आहे. वरोड्यास वकिली करणारे मुरलीधर देवीदास आमटे यांनी काळा डगला उतरवून ठेवला आणि महारोग्यांची सेवा पत्करली. केवळ करुणेवर विसंबून ते थांबले नाहीत. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगविद्यालयात जाऊन त्यांनी महारोगाच्या उपचाराचे रीतसर शिक्षण घेतले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि त्यानंतर आनंदवन वसविले. तेथे औषधाइतकेच महत्त्व शेतीला आणि कामाला मिळाले, कारण जंतू मेल्यावरही रोग्याला गावात परत घेत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. उलट दिशेने आलेल्यांचेही उदाहरण आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत काम उभे केले. गावातल्याच स्त्रियांना शिकवून त्यांच्याकडून नवजात बालकांची घरी शुश्रूषा करविली, आणि त्यामुळे नवजात बालकांच्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक घट झाल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सप्रमाण मांडले. एक वकील वैद्यकी शिकला, दोन डॉक्टर समाजाकडे वळले. निघण्याची ठिकाणे वेगळी होती; अभ्यासाची सक्ती मात्र दोघांनाही सारखीच झाली.

या सर्व निवाड्यांतून निघणारे तत्त्व मला असे दिसते. वैद्यकी ही समोर बसलेल्या एका देहाची जबाबदारी आहे. तो देह कोणाचा, तो का आजारी पडला, तो बरा होऊन कोठे जाणार, हे डॉक्टरला ठाऊक असावे. परंतु त्या क्षणी त्याला इतर सर्व विसरून नाडीवर बोट ठेवता आले पाहिजे. समाजकार्य ही परिस्थितीची जबाबदारी आहे. तेथे फळ उशिरा येते, बहुधा दुसऱ्याच्या नावावर जमा होते, आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे दिसतही नाही. ज्या मुलीला आपल्या हाताने केलेल्या कामाचा परिणाम संध्याकाळपर्यंत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय समाधान होत नाही, तिने वैद्यकीकडे जावे. जिला एकाच घरी दहा वेळा जाऊन दहाव्या वेळीही न चिडता बोलता येते, तिने समाजकार्याकडे जावे. हा स्वभावाचा प्रश्न आहे. गुणपत्रिका त्याचे उत्तर देत नाही. आणि प्रवेशपरीक्षेत मागे पडलेल्या मुलीला ‘निदान समाजकार्य तरी कर’ असे सांगणे हा त्या मुलीचा आणि जिच्या दारात ती उद्या उभी राहणार त्या बाईचाही अपमान आहे.

देवळात हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. पहाटे अंगण झाडणारा, समई लावणारा, चौघडा वाजविणारा आणि गाभाऱ्यात पूजा करणारा, या सर्वांच्या कामाला आपण सेवा हा एकच शब्द लावतो. आणि समई लावणाऱ्याने एक दिवस खाडा केला तर पूजा अडते, हेही आपण जाणतो. मग देवस्थानचा निधी वाटताना हा विचार का सुटावा? मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा. गुजरात व महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये झाली तरी तो दोघांनीही, आपापल्या नावाने, चालू ठेवला. त्याच्या नवव्या कलमात धर्मादाय हेतूंची गणना करताना दारिद्र्य व संकट यांचे निवारण, शिक्षण आणि वैद्यकीय साहाय्य यांना एकाच ओळीत शेजारी बसविले आहे. गोव्यातील महाजनी देवस्थाने १९३३ च्या नियमावलीखाली चालतात, आणि तेथेही विद्यार्थ्यांना मदत करण्याची परंपरा मोठी आहे. विश्वस्तांनी एवढेच करावे : समाजकार्याच्या पदवीसाठी अर्ज करणाऱ्या मुलीचा अर्ज वैद्यकीच्या अर्जाबरोबर एकाच बैठकीत, एकाच निकषाने वाचावा, आणि परिचारिकेच्या अभ्यासाला जाणाऱ्या मुलीचाही. ज्या मंडळींना यासाठी ठराव करावा लागेल त्यांनी तो अवश्य करावा.

रखमाबाई सुरतेहून पुढे राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या आणि १९३० च्या सुमारास निवृत्त होऊन मुंबईस परतल्या. सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी रुग्णांची सेवा केली. आणि निवृत्तीच्या वेळी त्यांची लेखणी पुन्हा चालली, ती पडदा पद्धतीच्या विरोधात. १९०४ साली दादाजी भिकाजी वारले तेव्हा, ज्याच्याशी नांदण्यास त्यांनी न्यायालयात नकार दिला होता त्या पतीसाठी, त्यांनी वैधव्याचे पांढरे वस्त्र धारण केले. सुधारकांना हे कोडे वाटले असेल, सनातन्यांनाही वाटले असेल. ज्या निर्बंधाखाली त्यांना तुरुंगाचा हुकूम झाला होता त्यातील कारावासाची शिक्षा १९२३ च्या दुरुस्तीने गेली. पुनःस्थापनेचा दावा मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात कायम राहिला, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी, तो कायदा झाल्यावर चार महिन्यांनी, नव्वदाव्या वर्षी निधन पावल्या. कायदा बदलण्याचे काम त्यांनी इतरांसाठी ठेवले, आणि त्या इतरांतील काहींनी ते अर्धेच केले आहे. सुरतेच्या रुग्णालयात त्यांच्या हातून सुखरूप सुटलेल्या स्त्रियांची पणतवंडे आज त्या शहरात असतील. त्यांपैकी एखादी या वर्षी बारावीला असेल आणि घरात हाच प्रश्न विचारीत असेल. तिला उत्तर देणाऱ्यांनी गुण विचारण्यापूर्वी तिचा स्वभाव विचारावा.